'स्तारी' म्हणजे म्हातारा की जुना? एका रशियन शब्दावर तुमच्या फोनची परीक्षा

यंदा संक्रांतीला मी पाचोऱ्याला होतो. दुपारी फुईच्या घरी तिळगुळाचं ताट समोर आणि फोनवर व्हिडिओ कॉल. (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.) फुईचा मुलगा रशियात एमबीबीएस करतोय, दुसरं वर्ष. तो म्हणाला, "मम्मी, इथे काल रात्री जुनं नवीन वर्ष झालं." फुई म्हणाली, "जुनं का नवं, एक काय ते सांग."

त्याने हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाचा फोटो पाठवला. मी अॅपमधून मराठी करून पाहिलं. "जुने नवीन वर्ष" असंच आलं. मला वाटलं, अॅप गंडलं. पण नाही, ते बरोबर होतं. रशियात १९१८ साली कॅलेंडर बदललं. ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडला, मधले १३ दिवस गायब. जुन्या कॅलेंडरप्रमाणे नवीन वर्ष आता १३ आणि १४ जानेवारीच्या मधल्या रात्री येतं, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या तोंडावर. लोक अजूनही ते साजरं करतात आणि त्याला म्हणतात 'स्तारी नोवी गोद'. स्तारी म्हणजे जुना, नोवी म्हणजे नवा, गोद म्हणजे वर्ष.

पाच मिनिटांनी उलटं घडलं. तिकडे त्यांच्या मजल्यावर देखरेखीला एक वयस्कर बाई असतात. फुईच्या पोराला ताप आला तेव्हा त्यांनी त्याला सूप करून दिलं होतं. फुईने त्यांच्यासाठी निरोप सांगितला, मी टाइप केला: "तुमच्यासारख्या मोठ्या बाईंनी लक्ष ठेवलं, म्हणून आम्हाला काळजी नाही." अॅपने लगेच रशियन वाक्य दिलं. भावाने ते वाचलं आणि हसत सुटला. "दादा, हे पाठवू नको. यात 'आकाराने मोठ्या बाई' असं झालंय."

फुई विचारते, "काय व्हयनं रे?" तिला काय सांगणार?

जे वाक्य मला चुकीचं वाटलं ते बरोबर निघालं आणि जे बरोबर वाटलं ते चुकीचं. मी रोज कोड लिहितो, भाषांतराची मॉडेल्स कशी चालतात हे ढोबळमानाने मला माहीत आहे, तरी माझा अंदाज दोन्ही वेळा चुकला. म्हणून पुढचे तीन-चार दिवस मी एकच शब्द घेऊन बसलो: स्तारी. आणि त्यातून जे हाती लागलं ते फक्त रशियनपुरतं नाही. तुमच्या फोनमधलं मराठी कुठून येतं, हे त्यात दिसतं.

आत्ताच हा विषय का?

डिसेंबर २०२५ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन दिल्लीला आले. त्या भेटीत झालेल्या करारांपैकी एक होता एका देशाच्या नागरिकांनी दुसऱ्या देशात ठरावीक काळ काम करण्याबद्दलचा. म्हणजे आजवर रशियाला मुख्यतः मेडिकलची पोरं जात होती, आता कामगार आणि कारागीरही जास्त संख्येने जातील. खान्देशात मेडिकलसाठी रशियाला गेलेली पोरं बऱ्याच गावांत सापडतात. पुढच्या काही वर्षांत रशियन कागद आपल्या व्हॉट्सअॅपवर जास्त येणार. ते वाचणार कोण? फोन.

मग फोनला रशियन-मराठी किती जमतं, हे बघायला हवं. त्यासाठी अवघड शब्द नको, सगळ्यात साधा शब्द घेऊ.

स्तारी: एक शब्द, पाच कामं

रशियन शिकणाऱ्यांना पहिल्या काही धड्यांतच हा शब्द भेटतो. तो किमान पाच कामं करतो.

१) माणसाचं वय: म्हातारा.
२) खूप दिवसांपासून असलेला: 'स्तारी द्रुग' म्हणजे जुना मित्र. तो वीस वर्षांचाही असू शकतो.
३) आधीचा: 'जुना पत्ता', 'जुना पासपोर्ट' म्हणतो तसा.
४) वापरून झिजलेला: जुने बूट.
५) फार पूर्वीच्या काळातला: जुनं शहर, जुनी प्रथा.

आता गंमत बघा. 'स्तारी उचीतेल' म्हणजे काय? उचीतेल म्हणजे शिक्षक. म्हातारे सर की आधीचे सर? रशियन माणूस मागचं-पुढचं बोलणं ऐकून ठरवतो. इंग्रजीतही तेच, 'ओल्ड टीचर' दोन्ही होतं. पण मराठीत ही पळवाट नाही. 'जुने सर' म्हटलं की वेगळे, 'म्हातारे सर' म्हटलं की वेगळे. मराठी तुम्हाला तोंड उघडण्याआधीच ठरवायला लावते.

रशियन लोकांकडेही बारीक फरक करणारे शब्द आहेत. कुणाला तोंडावर 'स्तारी' म्हणणं उद्धटपणाचं. त्याऐवजी 'पझिलोय' म्हणतात, म्हणजे आपलं 'वयस्कर'. हा शब्द माणसांसाठीच आहे, पझिलोय बूट नसतात. थोरला किंवा वरिष्ठ असेल तर 'स्तार्शी'. अतिप्राचीन असेल तर 'द्रेव्नी'. आणि वाढ पूर्ण झालेला, म्हणजे प्रौढ, तो 'व्ज्रोस्ली'.

या शेवटच्या शब्दापाशी मी जरा थांबलो. व्ज्रोस्ली हा 'वाढणे' या क्रियापदावरून आलाय, वाढ झालेला तो. आपला 'वृद्ध' शब्दही संस्कृतात तसाच तयार झालाय: वाढलेला. दोन भाषांनी एकच कल्पना घेतली. पण एकीत वाढलेला म्हणजे अठरा-वीस वर्षांचा, आणि दुसरीत काठी टेकत चालणारा. शब्दाचं मूळ बघून अर्थ लावणारा माणूस इथे तोंडावर आपटेल.

मराठीत किती?

आपल्याकडे तर कपाटच भरलंय. माणूस म्हातारा, वयस्कर, वृद्ध किंवा ज्येष्ठ. वस्तू जुनी. आजार जुनाट. भाकरी शिळी. आणि भेंडी? ती म्हातारी होत नाही, जुनी होत नाही, ती 'जून' होते. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात ना, ते याच एका विशेषणासाठी. उलट बाजूला माणूस तरुण, पण काकडी कोवळी. रशियनमध्ये नव्या बटाट्याला 'मलादाया कार्तोश्का' म्हणतात, शब्दशः तरुण बटाटा. आता तुमच्या अॅपने जेवणाच्या मेनूवर 'तरुण बटाटे' दाखवले तर घाबरू नका.

यातला प्रत्येक शब्द नुसतं वय सांगत नाही, आपण त्या गोष्टीकडे कसं बघतो तेही सांगतो. 'म्हातारा' हा शब्द 'महत्तर'वरून आला, म्हणजे मुळात जास्त मोठा, मानाचा. आज तो तोंडावर म्हटला तर भांडण होईल. सरकारला हे बरोबर कळतं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीने ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास दिला, तेव्हा योजनेचं नाव ठेवलं 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. 'म्हातारे नागरिक' अशी योजना असती तर फुकट असूनही अर्धी मंडळी तिकीट काढून बसली असती.

थोडक्यात, रशियनचा एक शब्द मराठीत आणताना मशीनला निदान सहा-सात दरवाज्यांतून एक निवडावा लागतो. चुकीचा दरवाजा उघडला तर कधी हसू येतं, कधी अपमान होतो, आणि कधी नुकसान.

'मी २८ वर्षे जुना आहे': पुरावा सापडला

तुम्ही हे वाक्य कुठेतरी पाहिलं असेल. एखाद्या गेममध्ये किंवा स्वस्तातल्या अॅपमध्ये नोंदणी करताना प्रश्न येतो, "तुम्ही किती जुने आहात?" हे इंग्रजीतून आलंय हे आपल्याला लगेच कळतं, कारण इंग्रजीत वय सांगताना 'ओल्ड' लागतं.

मी रशियनमधून वय सांगणारी काही वाक्यं एका अॅपला दिली. त्यातल्या एकाचं मराठी आलं: "तो २८ वर्षे जुना आहे." इथे मी सावध झालो. कारण रशियनमध्ये वय सांगताना 'स्तारी' हा शब्द येतच नाही!

रशियन माणूस म्हणतो, 'म्न्ये २८ ल्येत'. म्न्ये म्हणजे 'मला'. आणि ल्येत म्हणजे वर्षं. पण ल्येत हा शब्द 'ल्येता'वरून आलाय आणि ल्येता म्हणजे उन्हाळा. शब्दशः वाक्य होतं, 'मला अठ्ठावीस उन्हाळे'. जिथे सहा-सात महिने बर्फ, तिथे माणूस आयुष्य उन्हाळ्यांनी मोजणार हे ओघाने आलं.

आणि आपण? आपण म्हणतो, 'मला अठ्ठाविसावं लागलं'. तोच 'मला'. फुई अहिराणीत म्हणते, 'माले साठावं लागनं', त्यातही तोच. आपला 'वर्ष' हा शब्द संस्कृतात पावसाशी जोडलेला आहे. घरातली मोठी माणसं अजून ऐकवतात, 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत'. त्यांचे उन्हाळे, आपले पावसाळे. वाक्याची बांधणी बघितली तर वय सांगण्याच्या बाबतीत रशियन आणि मराठी एकमेकींना इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळ आहेत.

मग रशियनमध्ये नसलेला आणि मराठीत नको असलेला हा 'जुना' मधेच कुठून टपकला? एकच जागा उरते: इंग्रजी. चोरीच्या जागी कुणाचं तरी पाकीट सापडावं तसा हा पुरावा आहे. मजकूर रशियनमधून मराठीत सरळ आला नाही, वाटेत इंग्रजीच्या घरी चहा पिऊन आला.

मशीनमध्ये नक्की काय होतं

भाषांतराचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला जुना मार्ग: रशियनचं इंग्रजी करा, मग इंग्रजीचं मराठी. मधल्या भाषेला टेकू समजा. सोपं आणि स्वस्त, कारण प्रत्येक भाषेची जोडी फक्त इंग्रजीशी जुळवावी लागते.

दुसरा मार्ग: एकच मॉडेल अनेक भाषा एकत्र शिकतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये गुगलने दाखवलं की असं मॉडेल कधीच न शिकवलेली जोडीसुद्धा जमवू शकतं, जपानी आणि कोरियनचं उदाहरण त्यांनी दिलं होतं. एप्रिल २०१७ मध्ये गुगलचं न्यूरल भाषांतर मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांना मिळालं. तुम्हाला आठवत असेल, त्या सुमारास फोनचं मराठी अचानक बरं झालं.

तिसरा मार्ग: इंग्रजी मधे न आणता थेट जोड्या शिकवायच्या. मेटाने २०२० मध्ये १०० भाषांचं आणि जुलै २०२२ मध्ये २०० भाषांचं असं मॉडेल खुलं केलं. दोन्हींत मराठी आणि रशियन आहेत.

मग प्रश्न सुटला का? नाही. कारण मॉडेल हुशार असलं तरी ते शिकतं कशावर? माणसांनी आधी केलेल्या भाषांतरांवर. रशियन-इंग्रजीचा असा मजकूर डोंगराएवढा आहे. इंग्रजी-मराठीचा टेकडीएवढा. आणि थेट रशियन-मराठीचा? उघड्यावर मिळणाऱ्या संग्रहांत बघितलं तर बायबलची भाषांतरं, काही भाषणांची सबटायटल्स आणि सॉफ्टवेअरचे मेनू.

सॉफ्टवेअरचे मेनू! इथे माझ्या डोक्यात दिवा पेटला, कारण हे काम आम्ही लोकच करतो. सॉफ्टवेअरच्या जगात 'ओल्ड' काय काय असतं? जुना पासवर्ड, जुनी फाईल, जुनी आवृत्ती. तिथे कुणी म्हातारं होत नाही. मशीनने हजारो वेळा 'ओल्ड म्हणजे जुना' पाहिलं तर गोंधळाच्या क्षणी ती त्याच दरवाज्याकडे धावणार.

हे सोपं करून सांगतो. मॉडेलच्या पोटात प्रत्येक शब्द म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग असते. तो शब्द कुणाबरोबर उठतो-बसतो यावरून ते आकडे ठरतात. 'भाकरी'जवळ 'शिळी' येतं, 'खोकला'जवळ 'जुनाट' येतं, हे त्याला वाचून-वाचून कळतं. शेजारचं नाम स्पष्ट असेल तर ते बहुतेक वेळा बरोबर निवडतं. 'स्तारी बूट' दिलं तर 'म्हातारे बूट' हल्ली सहसा येत नाही. पण शेजारी 'बाई', 'सर', 'डॉक्टर' असं माणूस आलं, आणि पुढे-मागे वाक्य नसलं, की ते अडखळतं. कारण माणूस जुनाही असतो आणि म्हाताराही.

इंग्रजी वाटेत काय काय गळतं

वयाच्या शब्दाबरोबर आणखी दोन गोष्टी सांडतात.

एक, लिंग. मराठीत जुना, जुनी, जुनं. रशियनमध्येही तीनच: स्तारी, स्ताराया, स्ताराये. 'स्ताराया पद्रुगा' म्हणजे जुनी मैत्रीण. याचं इंग्रजी 'ओल्ड फ्रेंड'. आता यात मैत्रीण कुठे उरली? इंग्रजीतून मराठीत येताना मशीन अंदाजाने 'जुना मित्र' करते. रशियनला माहीत होतं ती बाई आहे, मराठीला सांगायची सोय होती, मधल्या दुभाष्याने माहितीच गाळली.

दोन, मान. आपलं तू आणि तुम्ही, त्यांचं 'ती' आणि 'वी'. इंग्रजीचं एकच 'यू'. म्हणून रशियन प्राध्यापकांनी आदराने लिहिलेला मेसेज मराठीत अरे-तुरे होऊन येऊ शकतो. आणि आपण पाठवलेला उलट दिशेने तसाच जाऊ शकतो.

फुईच्या निरोपात नेमकं हेच झालं. मराठीत 'मोठा' वयालाही चालतो आणि आकारालाही. मोठी बहीण म्हणजे थोरली, मोठं भांडं म्हणजे आकाराने. मी 'वयाने मोठ्या' लिहिलं असतं तर मशीनला वाट सापडली असती. मी 'मोठ्या बाई' लिहिलं. घरातल्या माणसाला ते पुरेसं होतं, मशीनला नव्हतं. थोडी चूक माझीही.

पण स्कोअर तर चांगला असतो ना?

बातम्यांत वाचतो, अमुक मॉडेलचा भाषांतराचा स्कोअर इतका सुधारला. यातला सगळ्यात प्रसिद्ध मोजमाप 'ब्ल्यू' नावाचा, आयबीएमच्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलेला. तो साधारण असं बघतो की मशीनच्या वाक्यातले किती शब्द आणि शब्दांचे तुकडे माणसाने केलेल्या भाषांतराशी जुळतात.

आता वीस शब्दांचं वाक्य घ्या. एकोणीस शब्द बरोबर, एक विशेषण चुकलं. स्कोअर थोडासाच पडेल. पण ते एक विशेषण 'प्रौढांसाठी' असेल आणि कागद औषधाचा असेल तर? रशियन औषधांच्या माहितीपत्रकात एक ठरलेली ओळ असते: प्रौढांना आणि 'द्येत्याम स्तार्षे १२ ल्येत', म्हणजे १२ वर्षांपेक्षा मोठ्या मुलांना इतकी गोळी. यातला 'स्तार्षे' हा स्तारीचाच भाऊ, 'पेक्षा वयाने मोठा'. मी ही ओळ एका अॅपला तुटक स्वरूपात दिली, फोटोत अर्धी कापलेली असते तशी. मराठी आलं, 'मोठी मुले १२ वर्षे'. 'पेक्षा' गेलं. बारा वर्षांपर्यंत की बाराच्या पुढे, काही कळेना. पूर्ण ओळ दिल्यावर बरोबर आलं. पण तापाने फणफणलेला पोरगा अर्ध्या उजेडात फोटो काढतो, तेव्हा पूर्ण ओळ येतेच असं नाही.

खरी भीती: सही

आता कामाच्या करारांकडे येऊ. रशियन कागदात वयाशी जोडलेले दोन शब्द हमखास भेटतील.

'स्तार्शी स्म्येनी' म्हणजे शिफ्टचा मुख्य, आपण म्हणतो तसा शिफ्ट इन्चार्ज. शब्दशः 'पाळीतला थोरला'. इथे वयाचा संबंध नाही, पदाचा आहे. मशीनने 'शिफ्टमधला मोठा माणूस' केलं तर तुमचा साहेब कोण हेच तुम्हाला कळणार नाही.

'सवेर्शेन्नलेत्नी' म्हणजे कायद्याने सज्ञान, तिकडेही १८ पूर्ण. पुन्हा त्यात तेच उन्हाळे लपलेत: ज्याची वर्षं पूर्ण झाली तो. आपला शब्द बघा, सज्ञान: ज्याला कळतं तो. त्यांचा कायदा उन्हाळे मोजतो, आपला शब्द अक्कल मोजतो. पण सहीची किंमत दोन्हीकडे सारखीच. अठरा पूर्ण झाले की तुम्ही केलेली सही तुमची, 'मला वाचता येत नव्हतं' हे नंतर सांगून सहजासहजी सुटका होत नाही.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. नोकरीच्या आमिषाने रशियात गेलेले भारतीय तरुण थेट युद्धात ओढले गेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरतचा एक तरुण तिथे मारला गेला. सुरत म्हणजे खान्देशचं दुसरं घर, आपल्यातल्या कित्येकांचे काका-मामा तिथे आहेत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांविरुद्ध गुन्हा नोंदवला, जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला पुन्हा सावध करावं लागलं. यात अडकलेल्या अनेकांनी सांगितलं की सहीचे कागद रशियनमध्ये होते आणि त्यांना ते वाचता येत नव्हते.

त्या फसवणुकीला भाषांतराचं अॅप जबाबदार नव्हतं, माणसं जबाबदार होती. मुद्दा वेगळा आहे. आता प्रत्येकाच्या खिशात अॅप आहे, त्यामुळे पुढचा तरुण म्हणेल, 'मी फोटो काढून मराठीत वाचलं होतं की.' न वाचता सही करण्यापेक्षा अर्धवट वाचून खात्रीने केलेली सही जास्त धोक्याची. ज्याला काहीच कळत नाही तो निदान कुणाला तरी विचारतो.

मग करायचं काय?

अॅप फेकून देऊ नका. मीही रोज वापरतो. फक्त काही सवयी लावा.

• पूर्ण वाक्य द्या. एकटा शब्द किंवा कापलेली ओळ देऊ नका. शेजारचे शब्द जेवढे जास्त, तेवढी मशीनची निवड बरी.

• मराठी मोकळं करून लिहा. 'मोठा' ऐवजी 'वयाने मोठा' किंवा 'आकाराने मोठा'. 'जुने सर' ऐवजी 'आधी शिकवायचे ते सर'. घरात न सांगता कळणाऱ्या गोष्टी मशीनला सांगाव्या लागतात.

• उलटं करून बघा. मराठीचं रशियन झालं की त्या रशियनचं पुन्हा मराठी करा. 'आकाराने मोठ्या बाई' मला अशाने आधीच दिसल्या असत्या. मात्र उलट भाषांतर जुळलं म्हणजे सगळं बरोबर असं समजू नका, तीच चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

• 'जुना' दिसला की थांबा. माणसाच्या वयाच्या वाक्यात 'जुना' आला तर मजकूर इंग्रजीच्या वळणाने आलाय हे ओळखा. मग लिंग आणि आदर हेही तपासा.

• आकडे मूळ कागदावर बघा. १२, १८, ६० हे आकडे रशियन कागदावरही तसेच छापलेले असतात. त्यांच्या आधी-मागे 'पर्यंत' आहे की 'पेक्षा जास्त', एवढं एक माणसाकडून पक्कं करून घ्या.

• औषध आणि सही, या दोन जागी फोनवर थांबू नका. औषधासाठी डॉक्टर किंवा वरच्या वर्गातलं मूल. करारासाठी ज्याला दोन्ही भाषा येतात असा माणूस, आणि एजंट सोडून दुसरा कुणीतरी. भारतीय दूतावासाचा नंबर जायच्या आधीच सेव्ह करा.

आणि अहिराणी?

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात राहिली. फुई माझ्याशी मराठीत नाही, अहिराणीत बोलते. तिचा निरोप मी आधी मनात मराठी केला, मग मशीनने त्याचं रशियन केलं, बहुधा मधे इंग्रजीत जाऊन. चार भाषा ओलांडून तो तिथे पोचला. त्यात 'मोठी' हा शब्द हरवला यात नवल नाही.

जून २०२४ मध्ये गुगलने ट्रान्सलेटमध्ये ११० नव्या भाषा घातल्या. त्यात भारतातल्या सात होत्या: अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संताली, तुळू. अहिराणी नव्हती. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते, म्हणजे बोलणारी माणसं कमी नाहीत. कमी आहे तो लिहिलेला, मशीनला वाचता येईल असा मजकूर. मराठीलाही थोड्या प्रमाणात हेच दुखणं आहे. आपण बोलतो भरपूर, मेसेज पाठवतो रोमन लिपीत, आणि मग फोनला नीट मराठी येत नाही म्हणून ओरडतो. फोनला तेच येतं जे कुणीतरी लिहून ठेवलंय.

शेवटी निरोपाचं काय झालं ते सांगतो. मी वाक्य बदललं: "तुम्ही आमच्यापेक्षा वयाने मोठ्या आहात, तुम्ही मुलाची काळजी घेतली, तुमचे आभार." भावाने ते रशियनमध्ये तपासलं, एक शब्द स्वतः बदलला आणि पाठवलं. मी विचारलं, कोणता शब्द बदललास? म्हणाला, "अॅपने 'मोठ्या'साठी आता वयाचाच शब्द दिला होता, पण इथे बायकांना वयाची आठवण करून दिलेली आवडत नाही. मी तो काढूनच टाकला."

हे मात्र कुठल्याच मॉडेलने सांगितलं नसतं. दुसऱ्या वर्षातल्या पोराला ते कळलं, कारण तो रोज त्या बाईंच्या समोरून जातो.